आश्विनातली पानगळ

अकोल्याच्या कचेरीच्या आवारात, कडुनिंबाखाली, माझे टेबल गेली कित्येक वर्षे एकाच जागी मांडलेले आहे. वारसनोंदीपासून शिधापत्रिकेपर्यंत, जो म्हणाल तो अर्ज या टेबलावर लिहिला गेला आहे, आणि माझ्या हातचा कागद सहसा परत येत नाही, हे आत बसणारे कारकूनही मान्य करतात. मात्र आश्विन लागला की माझे चित्त या टेबलाशी ठरत नाही. मी सकाळी जुन्या शहरातून निघतो, मोर्णेचा पूल ओलांडतो, टेबल पुसतो, दोन अर्ज कसेबसे पुरे करतो आणि अकराच्या सुमारास शेजारच्या टंकलेखकास 'आलोच' असे सांगून बाहेर पडतो. बसने शहराबाहेर चार-पाच कोस जाऊन एखाद्या कपाशीच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहायचे, बोंड फुटले की नाही ते पाहायचे आणि परत यायचे, एवढाच त्या जाण्याचा उद्देश असतो. पक्षकार ताटकळतात. सौभाग्यवती म्हणते, "तुमाले कावीळ होईन एक दिवस त्या उन्हानं." ज्या कारणाने मी असा फिरतो ते कारण आजवर कोणत्याही कागदावर आलेले नाही. ते येथे नमूद करीत आहे.

आमचे गाव अंजनगाव सुर्जीपासून बैलबंडीने तासाभराच्या वाटेवर. काळी जमीन, तीत कपाशी, ज्वारी आणि तुरीच्या ओळी. घरात बाबा, माय, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी विमलताई आणि मी. उत्तरेला गाविलगडचे डोंगर. पावसाळाभर ते नाहीसेच झालेले असत. मग एखाद्या सकाळी अंगणात दात घासताना मान वर करावी, तो डोंगर निळेशार, इतके जवळ की त्यांच्यावरची झाडे मोजावीत. आमच्याकडे शरद असा येतो. थंडी म्हणावी तर थंडी नाही. दुपारचे ऊन तर चैत्राला लाजवील असे, घामाने सदरा पाठीला चिकटून राही. परंतु पहाटे वावरात जाणाऱ्याचे धोतर गुडघ्यापर्यंत दहिवराने भिजे, बेडकांचा गलका एकाएकी थांबलेला असे, नाल्याचे गढूळ पाणी निवळून तळातले गोटे दिसू लागत, आणि शेपटी वरखाली हलवणारा धोबी पक्षी विहिरीच्या थारोळ्यावर कोठून कोण जाणे हजर होई. माय पेटीतल्या गोधड्या काढून उन्हात टाकी. मेळघाटातल्या बाया टोपल्यांतून सीताफळे घेऊन उतरत. उकडलेल्या शिंगाड्यांचा काळा रंग आमच्या नखांत आठवडा आठवडा राही. तेव्हा यातल्या कोणत्याही गोष्टीस मी 'ऋतूचे लक्षण' मानत नव्हतो. त्या आमच्या घरच्या गोष्टी होत्या. लक्षणे पुस्तकात असतात असा माझा समज होता.

ते दिवस भुलाबाईचे. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घराघरांत मातीची भुलाबाई आणि भुलोजी बसत आणि सायंकाळी पोरींचा घोळका टिपऱ्या वाजवत, गाणी म्हणत एका घरातून दुसऱ्या घरात जाई. गाणी संपली की खिरापत. घरची बाई झाकणाचा डबा पुढे करी, पोरींनी तो हलवून आतला खाऊ आवाजावरून ओळखायचा, ओळखेपर्यंत हाती काही पडायचे नाही. विमलताईचा कान यात असा तयार होता की बायांनी तिच्यापुढे हात टेकले होते. डबा कानाशी धरून एकदाच हलवायची आणि म्हणायची, "फुटाने. अन् खाली खोबऱ्याचा तुकडा आहे एक." शेजारच्या काकूने एकदा डब्यात नुसती साखर भरून वर फडके कोंबले. ताईने डबा हलवला, वास घेतला नाही, काही नाही, आणि म्हणाली, "काकू, साखर हाय. अन् तुमी लबाड हा." त्या वर्षी मात्र ती गाण्यांत उभी राही, पण टिपरी चुकत असे. तिचे लक्ष अमरावतीकडे लागलेले होते.

ताई त्याच उन्हाळ्यात दहावी उत्तीर्ण झाली होती. अमरावतीला परिचारिकेचे शिक्षण घ्यावे असे तिच्या मनाने घेतले होते. गावच्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा येणाऱ्या नर्सबाईंच्या मागे ती पेटी उचलून फिरे, आणि सुई उकळण्याचे काम त्या तिच्याच हाती देत. फॉर्म आणला, भरला, आणि वयाच्या रकान्यापाशी सगळे अडले. डिसेंबरअखेर सतरा वर्षे पूर्ण हवीत, अशी अट होती. ताईची सतरा वर्षे खरे तर त्याआधीच भरत होती. पण पहिलीत नाव घालताना गुरुजींनी, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे, जन्म एक जून लिहून टाकला होता. आमच्या वर्गातली निम्मी मुले एक जूनला जन्मलेली होती. त्या 'एक जून'मुळे कागदावर ताई साडेसोळा वर्षांची राहिली. जन्माची नोंद कोठेच नव्हती. तेव्हा तालुक्याच्या कचेरीत अर्ज करून, आईबापांच्या शपथेवर खरी जन्मतारीख लावून घ्यायची, एवढा एकच मार्ग उरला.

बाबा वाईट मनुष्य नव्हते, हे मला येथे स्पष्ट करणे आवश्यक वाटते. त्यांच्यापुढे शेंदूरजनाघाटचे स्थळ आलेले होते. संत्र्याची बाग, दोन विहिरी, मुलगा शांत. त्यांनी ताईला समोर बसवून सांगितले, "अवो बाई, म्या तुले नाई म्हनत नाई. ह्या सालात तुह्यं अमरावतीचं झालं तं झालं. नाई तं ते लोकं काही माह्यासाठी थांबून राहनार नाईत. दिवाळीले मी शब्द देऊन टाकतो."

"दिवाळीपर्यंत होते बाबा," ताई म्हणाली.

"होवो. मीच पोचवून देतो तुले मग."

अर्ज कोणी लिहायचा हा प्रश्न आमच्या घरात उद्भवलाच नाही. मी नववीत होतो, माझे अक्षर गावात नावाजलेले होते, आणि लग्नपत्रिकेचा मजकूर असो की मुंबईस असलेल्या मुलास पत्र, लोक माझ्याकडे येत. मी ओट्यावर चटई टाकून बसलो, लाकडी फळी मांडीवर घेतली आणि मायला विचारले, "सांग. ताई कधी झाली?"

माय ज्वारी निवडत होती. हात न थांबवता तिने सांगितले, "सीतादही होतं त्या दिवशी."

सीतादही म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीचा दिवस. फुटलेल्या कपाशीत पहिल्यांदा हात घालण्यापूर्वी घरच्या बाईने दहीभात नेऊन झाडांना दाखवायचा, तासातासाने, म्हणजे ओळीओळीने, शिंपायचा, मग वेचायला लागायचे. आमच्या वऱ्हाडात हे चालत आलेले आहे.

"दसरा होऊन गेला होता," माय सांगत होती, "भुलाबाई बसल्याच होत्या. बोंडं अशी फुटली होती का वावर पांढरं दिसे. म्या दहीभाताचा गंज कमरेवर घेतला. पयल्या तासाले भात टाकला, दुसऱ्या तासाले टाकला, अन् कळ आली. गंज पडला हातातून. सारं दही कपाशीवर. तुह्या बाबानं बंडी जुपली, पन घर येयाच्या आंधी, नाल्यापाशीच झाली पोट्टी. शेवंतामाय होती संग, तिनं नाळ कापली. तिच्या पायाले दही लागलं होतं माह्या ध्यानात हाय. अन् गावात पयल्यांदा इजेचा दिवा लागला नं दिवाळीले, तवा इमल वीस रोजाची होती. दिवा पाहून रडली."

वीज गावात कोणत्या वर्षी आली याचा कागद ग्रामपंचायतीत होता, म्हणजे साल पक्के झाले. दिवाळीच्या आधी वीस दिवस, म्हणजे महिनाही पक्का झाला. मायने आपल्या तोंडाने संपूर्ण दाखला मला दिला होता, मी तो केवळ उतरून घ्यायचा होता. मी तो उतरून घेतला नाही. दहीभात, गंज, नाल्याकाठी बाळंतपण, या गोष्टी सरकारी कागदात शोभत नाहीत, साहेब हसतील, असे मला वाटले. आमच्या मराठीच्या पुस्तकात त्या वर्षी शरद ऋतूवर एक धडा होता. कोणा दूरच्या थंड मुलखाचे ते वर्णन असावे. त्यात झाडांची पाने तांबडी-पिवळी होऊन वाऱ्यावर गळत होती आणि पायवाटा त्यांनी झाकून गेल्या होत्या. मला तो धडा पाठ होता. गुरुजींनी तो वर्गात माझ्याकडून वाचून घेतला होता. मी विजेच्या दिव्याचे तेवढे ठेवले, कारण त्यास पंचायतीचा आधार होता, आणि दह्याच्या जागी लिहिले: 'सदर समयी शरद ऋतूचे आगमन झाले असून अंगणातील निंबवृक्षाने आपल्या जीर्ण पर्णांचा त्याग आरंभिला होता, व त्या पर्णांच्या राशी दारी पडत असतानाच अर्जदाराच्या कन्येचा जन्म झाला.' हे वाक्य मला आजही मुखोद्गत आहे. त्यानंतर मी हजारो अर्ज लिहिले, त्यांतले एकही वाक्य मला असे आठवत नाही.

मी अर्ज मोठ्याने वाचून दाखवला. माय म्हणाली, "लय मोठं लिहिलं गा," आणि निवडलेली ज्वारी सुपात घेऊन आत गेली. बाबांनी मान डोलावली. ताईने कागद हातात घेऊन स्वतः वाचला. त्या वाक्यापाशी तिचे बोट थांबले.

"गजू, पानं कुठी गळतेत आता?"

"कागदात असंच लिहावं लागते," मी म्हणालो. "शरद म्हटला का पानगळ. तुले नाई समजनार त्यातलं."

"अन् दहीभात?"

"दहीभात काय साहेबाले खाऊ घालतं काय?"

ती हसली. कागद मला परत देताना तिने त्याची घडी दोनदा हाताने सारखी केली. तिने माझ्यावर भरवसा ठेवला. घरात मी एकटाच असा होतो की ज्याला कागदातले कळते, असे सर्वांना वाटे, आणि त्या सर्वांत प्रथम मला.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी सुनावणी होती. बाबा, माय, ताई आणि मी पहाटेच निघालो. माय नवे लुगडे नेसली होती आणि वाटेत तीनदा म्हणाली, "मले इचारलं तं मी काय सांगू?" मी तीनही वेळा सांगितले, "जे खरं हाय ते सांग." दोन्ही बाजूंना कपाशी पांढरी झालेली होती. एका वावरात एक बाई कमरेवर भांडे घेऊन उभी होती, आणि मायने तिच्याकडे पाहून हात जोडले. मी बंडीत बसून अर्जाची प्रत मनात म्हणत होतो.

साहेब पन्नाशीचे होते, दर्यापूरकडच्या शेतकरी घरातले असावेत, बोलण्यावरून तसे वाटले. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"हे कोणी लिहिलं?"

"मी," मी पुढे होऊन म्हणालो. प्रशंसा होणार अशी माझी खात्री होती.

"अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले, आणि मायकडे वळले. "बाई, मुलगी झाली तेव्हा तुमच्या दारातल्या निंबाची पानं गळत होती?"

माय माझ्याकडे पाहू लागली. त्या कागदात काय आहे हे तिला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते, कारण मी वाचलेली भाषा तिची नव्हती. मी मान हलवून होकार सुचवायला हवा होता की नकार, याचा मी चाळीस वर्षे विचार करीत आलो आहे. त्या वेळी मी काहीच सुचवले नाही.

"नाई साहेब," माय म्हणाली. "निंब तं फागुनात गळते."

साहेबांनी खिडकीकडे हात केला. बाहेर कचेरीचा मोठा कडुनिंब होता, दाट हिरवा, खाली लोक सावलीला बसलेले. "आज आश्विनच आहे. बघा, एक पान तरी खाली पडलं आहे का. शपथेवरच्या कागदात पानगळ लिहिली आहे. पानगळ म्हणजे फाल्गुन. त्या दिवाळीनंतरच्या फाल्गुनात जन्म धरला तर सतरा पूर्ण होत नाहीत. अन् इथंच खाली म्हणता, दिवाळीला वीस दिवसांची होती. दोन्ही कसं खरं असेल?"

"दिवाळीचं खरं हाय साहेब," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

"सीतादही होतं," माय म्हणाली, आणि मग सगळे सांगत सुटली, गंज, कळ, नाला, शेवंतामायचा पाय. साहेबांनी तिला मध्ये अडवले नाही. शेवटी ते म्हणाले, "बाई, हे ऐकून मला वाटतं तुम्ही खरं सांगता. माझ्याही घरी सीतादही होतं. पण हे कागदावर काहून नाही? मला कागदावर निकाल द्यावा लागतो. नवा अर्ज करा, सुईणीला साक्षीला आणा. पुढची तारीख दिवाळीनंतरची मिळेल." त्यांनी अर्ज मला परत दिला. "बाळ, सगळं छान लिहिलंस. एकदा बाहेर पाहून लिहायचं."

ताई बाहेर निंबाखाली येऊन उभी राहिली आणि वर पाहत राहिली, जणू एखादे पान पडेल म्हणून. परतताना बंडीत बाबा एवढेच म्हणाले, "घरचं पोट्टं लिहिते म्हनून लिहू देलं." मायने त्यांचा हात दाबला. मी तेथून उतरून पळून जावे, पायी चालत जावे, काहीतरी करावे, असे माझे पाय शिवशिवत होते. तो शिवशिवाट अद्याप गेलेला नाही. आश्विनात मी बसमध्ये बसतो तो त्याच पायांनी.

मी नवा अर्ज त्याच दिवशी लिहिला. मायसमोर बसलो आणि ती जे बोलेल ते, तिच्याच शब्दांत, एकही आपला न घालता उतरवले. दुसऱ्या दिवशी कोजागिरीच्या दुधाला गावभर हाका होत्या, मी गेलो नाही. शेवंतामाय शेजारच्या गावी लेकीकडे गेलेली होती. मी तिला आणायला तीनदा चालत गेलो, तिसऱ्यांदा ती आली. अमरावतीच्या फॉर्मची मुदत तेवढ्यात संपली. ताईने बाबांना एकदाच विचारले, "पुढल्या साली करू काय? पुढल्या साली तं शाळेच्या कागदानंबी सतरा होते." बाबा म्हणाले, "म्या तुले पयलेच सांगतलं होतं बाई." दिवाळीला त्यांनी शेंदूरजनाघाटला शब्द दिला. त्या वर्षी माझे शाळेतले लक्ष उडाले. पुढे दहावीत मी दोनदा बसलो, दोन्ही वेळा मराठीत पास आणि बाकी सगळ्यांत नापास, आणि ते शिक्षण तेथेच थांबले.

ताई शेंदूरजनाघाटला सुखात आहे, असे लोक म्हणतात, आणि त्यात खोटे नाही. बाग मोठी झाली. पहाटेचा गारवा धरला की तिचा फोन येतो, "गजू, संत्र्याले रंग धरून राहिला." तिच्या मुलीचे बाळंतपण वरूडच्या दवाखान्यात झाले, तेव्हा जन्माची तारीख आणि वेळ रजिस्टरात उतरेपर्यंत ती कारकुनाच्या टेबलापासून हलली नाही, असे मला जावयाने सांगितले. माझ्या टेबलावरही पहिल्या दिवसापासून एक नियम आहे. समोरच्याने सांगितलेले मी लिहितो, मग त्याच्या बोलीत त्याला वाचून दाखवतो, आणि 'हेच म्हटलं काय तुमी?' असे विचारल्याशिवाय अंगठा घेत नाही. लोकांना ते कंटाळवाणे वाटते. नवीन मुले संगणकावर ठरावीक मजकुरात नाव बदलून पाच मिनिटांत कागद हाती देतात. मी माझा नियम मोडलेला नाही.

नव्या अर्जाचा निकाल फाल्गुनात आला, लग्नाच्या तीन दिवस आधी. ताईचा जन्म आश्विनातला, असे शिक्क्यासह मान्य झाले होते. तो कागद कोणाच्या हाती द्यावा हे मला कळेना. मी तो ताईला दिला. तिने वाचला, घडी दोनदा सारखी केली आणि लग्नाच्या पेटीत लुगड्यांच्या खाली ठेवला.

लग्न आमच्याच अंगणात लागले. मांडव निंबाला लागून होता. त्या दिवशी वारा सुटला होता आणि झाड पिवळे पडलेले होते. मंगलाष्टके चालू असताना सारखी पाने गळत होती, भटजींच्या ताम्हनात, वऱ्हाडींच्या फेट्यांवर, जेवणाच्या पत्रावळींत. बाया हसत झटकत होत्या. पाठवणीच्या वेळी मी बंडीपाशी सामान चढवत होतो. ताई बसली, पदर सावरला, आणि तिच्या मांडीवर एक पान येऊन पडले. तिने ते उचलून माझ्या हातात ठेवले.

"घे गजू," ती म्हणाली. "आता लिही."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. बैल हलले. ओट्याच्या पायरीपासून नाल्याच्या वळणापर्यंत सारी वाट पिवळ्या पानांनी झाकून गेलेली होती, धड्यात होती तशी.